तिसऱ्या लाइनची बुळबुळ

धुतलेल्या भांड्यावर अंगठा घासला की चर्र असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर ते भांडं धुतलेलं नाही, नुसतं भिजलेलं आहे, असं माझं मत आहे आणि माझी मतं मी सहसा बदलत नाही. डेअरीत दुधाचे पाइप, टाक्या आणि झडपा धुण्याचं खातं गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. जिथे अंगठा पोचतो तिथे अंगठा आणि जिथे पोचत नाही तिथे नाक, अशी माझी तपासणी असते. माझ्यामागे मला सगळे 'अंगठाबाई' म्हणतात. मी बारावीला पहिल्या वर्गात आले होते हे त्यांना कुणी सांगत नाही.

अशा माझ्या खात्याला मोठ्या साहेबांचं पत्र आलं. मोठे साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. उंचीने ते माझ्या खांद्याला लागतात, पण पत्रं फार उंचावरून लिहितात. तिसऱ्या लाइनचा स्वॅब लागोपाठ दोनदा नापास झाला होता. स्वॅब म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस. तो पाइपच्या आतून फिरवायचा, तपासायला पाठवायचा आणि त्यावर किती जंतू उगवतात ते दोन दिवसांनी मोजायचं. आमच्या कापसावर मोजणाऱ्याने हात टेकले होते. तीन आठवड्यांनी सरकारी तपासनीस येणार, तेव्हाही नापास झालो तर धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीला देण्यात येईल आणि मला व माझ्या चार माणसांना क्रेट धुण्यावर पाठवण्यात येईल, असं पत्रात होतं.

क्रेट! पाण्याची नळी धरली की झालं, असे ते प्लॅस्टिकचे क्रेट. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण बावीस वर्षं ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरला उद्यापासून दारात वजनकाट्यापाशी बसा म्हटलं तर त्याला काय वाटेल, ते मला वाटलं. मला रडू आलं. ते मी स्टोअररूममध्ये जाऊन उरकून घेतलं आणि बाहेर येऊन लांब्यावर ओरडले.

लांब्या माझा उजवा हात आहे. पंचेचाळिशीचा बाप्या, दोन मुलींचा बाप, आणि पाणी तापवणारं वाफेचं चाक त्याच्या ताब्यात.

"पाणी अजून गरम कर," मी म्हणाले.

"बाई, पंच्याऐंशीवर आहे."

"नव्वदवर ने. चिकटून बसलंय ना? उकळून काढू."

"पहिल्या पाण्यालाच? दूध काढल्याकाढल्या?"

"मग काय, मुहूर्त बघू?"

त्याने मुकाट्याने चाक फिरवलं. माझ्यापुढे तोंड उघडायची त्याची काय, कुणाचीच टाप नव्हती, आणि याचा मला तेव्हा अभिमानच होता.

घरी आले तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दह्याच्या शेजारी, सात बरण्या ओळीने मांडलेल्या. आत गढूळ, पिवळट पाणी. हा सुनेचा उद्योग. आमचे चिरंजीव जहाजावर असतात आणि वर्षातून दोनदा उगवतात, त्यामुळे घरात मी, आमचे हे आणि सून असे तिघंच. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. आमची सून जंतू पाळते. तिला त्याचा पगारही मिळतो. लग्न होऊन आली तेव्हा तिने फ्रिजमधली एक कोपऱ्याची जागा मागितली होती, ती मी दिली, आणि दोन वर्षांत अख्खा कप्पा गेला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

"तुझ्या प्रयोगशाळेत फ्रिज नाही का?" मी विचारलं.

"तो बंद पडलाय आई. दुरुस्त होईपर्यंत फक्त."

"आणि या बरण्यांत आहे काय?"

"गॅरेजमागची माती आणली होती. जिथे गाड्यांचं तेल सांडतं ना, तिथली."

माझ्या दह्याशेजारी गॅरेजमागची माती! मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "आई, रडलात का तुम्ही?"

आता अशा वेळी भांडणार कशी? मी पत्र तिच्यापुढे टाकलं. तिने ते दोनदा वाचलं आणि पाइपमधला तो थर दिसतो कसा, लागतो कसा, किती गरम पाण्याने धुता, आधी काय, मग काय, असं एकेक विचारत वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, बुळबुळीत लागतो, आणि कितीही कॉस्टिक, म्हणजे धुण्याचा जहाल सोडा, सोडला तरी चार दिवसांत परत हजर.

"ती साधी घाण नाही आई, वसाहत आहे," ती म्हणाली. "सुटा जंतू लगेच मरतो. पण ते एकदा पाइपला चिकटले की स्वतःभोवती डिंकासारखं काहीतरी सोडतात आणि त्याच्या आत राहतात. तुमचं कॉस्टिक वरच्यांना मारतं. खालचे निवांत."

"निवांत? माझ्या पाइपात?"

"हो ना. आणि या बरण्यांतले जंतू तेल खाणारे. तेल पाण्यात मिसळत नाही, मग खाणार कसं? म्हणून ते स्वतःच एक साबण बनवतात. जंतू गाळून टाकलेत, बरणीत आहे ते नुसतं त्यांच्या साबणाचं पाणी. हा साबण त्या थराखाली शिरतो आणि त्याची पकड सैल करतो. एकदा सुटे झाले की मग तुमचं कॉस्टिक आहेच."

"म्हणजे जंतूंनीच जंतूंना काढायचं?"

"काट्याने काटा," आमचे हे स्वयंपाकघरातून म्हणाले. ते भांडी घासत होते.

यांच्याविषयी सांगायला हवं. हे पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून यांनी भांडी घासायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मनापासून करतात. साबणाचा असा फेस काढतात की नळ दिसेनासा होतो. फेस म्हणजे स्वच्छता, हे यांचं ब्रीद. सुरुवातीला मी एका पातेल्यावर अंगठा फिरवून पाहिला तर हे तीन दिवस माझ्याशी पोस्टकार्डाइतकं मोजकं बोलले. तेव्हापासून मी घरात अंगठा खिशात ठेवते. नवऱ्याने भांडी घासली तर तपासू नये, एवढं शहाणपण मला तीस वर्षांच्या संसारात आलेलं आहे.

सुनेने जेवणाच्या टेबलावर सात ताटल्या मांडल्या. प्रत्येकीत पाणी ओतलं, वर तेलाचा पातळ तवंग सोडला. मग एकेका बरणीतला एकेक थेंब मधोमध टाकायचा. साबण असेल तर तेल मागे सरतं आणि मध्ये स्वच्छ पाण्याचं वर्तुळ पडतं. जेवढा साबण चांगला तेवढं वर्तुळ मोठं. पहिल्या बरणीने काहीच केलं नाही. दुसरीने बांगडीएवढं वर्तुळ पाडलं. तिसरी, चौथी ढिम्म. पाचवीने बटणाएवढं. सहावी ढिम्म. आणि सातवीचा थेंब पडला मात्र, तेल भूत पाहिल्यासारखं ताटलीच्या कडेला पळालं.

"अरे वा!" हे ओरडले. सून तर खुर्चीवर चढायचीच बाकी होती. तिने तीन दिवसांत तीनदा नवं पाणी गाळून सातवी बरणी भरली, आणि तिन्ही वेळा तेल तसंच पळालं. यांना तर त्या सातव्या बरणीचं विशेष कौतुक, कारण ती यांची होती. प्रयोगशाळेच्या बरण्या सहाच. सातवी कमी पडली म्हणून यांनी कॉफीची रिकामी बरणी दिलेली, आणि दर वेळी भरण्याआधी ती जातीने घासून दिलेली.

"शेवटी बरणीचा गुण असतो," हे म्हणायचे.

मला या सगळ्यात पडायचं नव्हतं. बावीस वर्षं ज्यांना मारलं त्यांच्याकडूनच साबण उधार घ्यायचा, म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. पण नव्वदचं पाणी सोडूनही बुळबुळ कमी व्हायच्या ऐवजी जाड होत होती आणि तपासनीस यायला दोन आठवडे उरले होते. मी साहेबांकडे गेले. तिसऱ्या लाइनचा एक जुना बेंड, म्हणजे पाइपचं वळण, काढून ठेवलेला होता. आत थर जसाच्या तसा. त्यावर प्रयोग करू द्या म्हटलं. साहेब म्हणाले, "करा, पण माझ्यासमोर. आणि सूनबाईंनाही बोलवा."

सकाळी सूनबाई कॉफीची बरणी छातीशी धरून डेअरीत आली. बादलीत सातव्या बरणीचं पाणी ओतून बेंड त्यात बुडवला. संध्याकाळी माझी चार माणसं, साहेब आणि सून असे सगळे त्या बादलीभोवती जमलो. मी बेंड उचलला आणि आत अंगठा घातला.

बुळबुळ. सकाळी होती तशी. उलट आता ती छान न्हाऊन बसल्यासारखी वाटत होती.

साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला आणि ते निघून गेले, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सुनेचे डोळे भरले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण घरी परतताना माझ्या नाकात काहीतरी राहिलं होतं. ओळखीचा वास. बसमध्ये अर्ध्या वाटेत मला तो ओळखता आला आणि मी इतक्या जोरात "लिंबू!" म्हणाले की कंडक्टरने वळून पाहिलं.

घरात शिरल्याशिरल्या मी ती कॉफीची बरणी नाकाला लावली. त्या आधी मी त्या बरण्यांच्या जवळही गेले नव्हते, किळस यायची. आणि सून दिवसभर असले वास घेत असते, त्यामुळे तिचं नाक केव्हाच कामातून गेलंय.

"तुझे जंतू लिंबू कधीपासून खायला लागले?" मी विचारलं.

"लिंबू? नाही, तेल..."

मी बरणीत उरलेलं पाणी ओतून दिलं आणि बावीस वर्षांचा अंगठा आतून फिरवला. चर्र नाही. काहीच नाही. अंगठा सरकत सरकत तळाला गेला आणि तिथून फेस घेऊन वर आला.

"अहो," मी हाक मारली. यांना हाक मारण्याचे माझे चार प्रकार आहेत. हा चौथा होता.

"मी घासली होती ती! चांगली तीन वेळा घासली होती!"

"आणि धुतली किती वेळा?"

हे म्हणाले, "फेस आला की स्वच्छच झाली ना. परत पाणी कशाला वाया घालवायचं?"

सून खाली बसली. तीन दिवस, तीन प्रयोग, वहीभर आकडे, आणि तेल पळत होतं ते आमच्या सिंकवरच्या लिंबाच्या वासाच्या साबणाला घाबरून. सातव्या बरणीतल्या जंतूंनी आयुष्यात काही बनवलं नव्हतं. सून आधी रडली आणि मग हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना म्हणून मलाही हसू आलं. हे मात्र कोपऱ्यात उभे होते, बस चुकलेल्या माणसासारखे. मला एकदम आठवलं की दुसरीने बांगडीएवढं वर्तुळ पाडलं होतं. सातवीच्या नादात त्या दुसरीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"दोन आणि पाच," सून डोळे पुसत म्हणाली. "आता एवढे दोघेच उमेदवार उरले. पण आता तपासायचं कशावर? साहेब दुसरा बेंड थोडाच देणार?"

"त्याला हवं तरी काय?" यांनी विचारलं.

"कायम ओलं असलेलं, चिकट थर बसलेलं काहीतरी. घरात असं काय असणार? आईंच्या घरात?"

यांनी जरा विचार केला. मग तोंडात हात घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. "हॅ घ्या," हे म्हणाले. "मॉझी चूक, मॉझॅ दॉत."

मी अंगठा लावला. काय सांगू? माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या नवऱ्याच्या तोंडात, तिसरी लाइन! वरची बुळबुळीत आणि खालची त्याहून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लोकांचे पाइप धुता धुता घरातली कवळी बघायची राहिली होती.

वरची कवळी दुसऱ्या बरणीच्या पाण्यात बुडवली, खालची पाचवीच्या. बरण्या प्रयोगशाळेच्या, धुतलेल्या सुनेने, आणि अंगठा माझा. हे दीड दिवस सूप पीत राहिले. तक्रार केली नाही. केली असली तरी कळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने दोन्ही कवळ्या बाहेर काढल्या आणि नुसत्या पाण्याखाली धरल्या. पाचवीतली होती तशीच. दुसरीतल्या कवळीवरून मात्र दुधावरची साय निघावी तसा पातळ पडदा सुटून आला आणि सिंकमध्ये वाहून गेला. मी अंगठा घासला.

चर्र!

इतका गोड आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. मी सुनेला मिठी मारली. तिला सवय नसल्यामुळे ती जरा आखडली, मग तीही बिलगली. यांनी कवळ्या मागितल्या. सून म्हणाली, आधी पाच वेळा धुवायच्या. यांनी नऊ वेळा धुतल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आता तयारी करायची होती. तिसरी लाइन रविवारी बंद असते. साहेबांनी एक रविवार दिला, शेवटचा म्हणून. सूनबाई प्रयोगशाळेत दुसऱ्या बरणीचं पाणी मोठ्या डब्यांत तयार करायला गेली आणि मला म्हणाली, "आई, किती पाण्यात किती घालायचं ते माझ्या वहीत आहे, लिहून घ्या."

मी वही उघडली. मागची पानं चाळता चाळता पत्र आलं त्या संध्याकाळचं पान लागलं. माझीच उत्तरं लिहिली होती, माझ्याच शब्दांत. खाली एक ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली: "पहिलंच पाणी नव्वद. दूध पाइपवर शिजतंय, त्याच्याखाली थर सुरक्षित. थर निघत नाही तो यामुळेच. आईंना सांगायचं कसं?"

मी ती ओळ उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. पहिल्यांदा मला संताप आला. काल आलेली पोर मला पाणी तापवायला शिकवणार! मग लांब्याचा चेहरा आठवला. "पहिल्या पाण्यालाच?" असं त्यानेही विचारलं होतं. आधी कोमट पाण्याने दूध काढायचं, मग गरम, हे मीच त्याला पंधरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. पण पहिला स्वॅब नापास झाला तसं माझं डोकं तापलं आणि डोक्याबरोबर पाणीही. मी वेळ वाचवायला कोमट पाणी वगळलं आणि रोज थोडं थोडं चाक वाढवत गेले. दुधाच्या भांड्यात आधीच उकळतं पाणी ओतलं तर दूध बुडाला धरतं, हे कुठल्याही घरात कळतं. मी बावीस वर्षांच्या अनुभवाने जंतूंना पक्कं छप्पर घालून देत होते.

आणि दोन माणसांना ते माहीत होतं. एकाला मी बोलू दिलं नाही, आणि दुसरीला बोलायचं कसं ते कळलं नाही. मला वाईट वाटलं ते चुकीबद्दल नाही. चुका सगळ्यांच्या होतात. माझ्या घरातल्या मुलीला खरं सांगायला माझी भीती वाटते, आणि ती ते वहीला सांगते, याचं मला फार वाईट वाटलं.

रविवारी लाइनपाशी मी लांब्याला म्हणाले, "पहिलं पाणी कोमट."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आला असावा. "किती कोमट, बाई?"

"माझ्या सुनेला विचार."

सून लाल झाली. माझ्या हातातली वही तिने पाहिली, कोणत्या पानावर बोट आहे तेही पाहिलं. "आई, मी सांगणारच होते..."

"कधी? माझ्या निवृत्तीच्या समारंभात?" मी म्हणाले. "पुढच्या वेळी वहीला सांगायच्या आधी मला सांग. मी ओरडेन. तू सांगत राहा."

आधी कोमट पाणी सोडलं, मग तिच्या जंतूंच्या साबणाचं पाणी चार तास हळूहळू फिरवलं. दुसऱ्या तासाला गाळणीवर राखाडी सालपटं यायला लागली, भिंतीचा जुना रंग निघावा तशी. लांब्याने टोपी काढली. मग गरम, मग कॉस्टिक, मग साधं पाणी, आणि साधं पाणी, आणि परत साधं पाणी. शेवटचं पाणी स्वच्छ दिसत होतं, पण दिसण्यावर मी जात नाही. मी घरून ताटली आणि तेल आणलं होतं. ताटलीत पाणी, वर तवंग, मधोमध लाइनमधल्या पाण्याचा एक थेंब. तेल जरा सरकलं. म्हणजे साबण अजून आत आहे. "परत धुवा!" सहाव्यांदा थेंब टाकला तेव्हा तेल जागचं हललं नाही. ज्या ताटलीने आम्हाला इतकं फसवलं होतं तिच्याकडून मी एवढं वसूल केलं.

तपासनीस आले, कापूस फिरवून घेऊन गेले. दोन दिवस मी कुणावर ओरडले नाही, त्यामुळे सगळे घाबरून होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी, लांब्या आणि खास बोलावून घेतलेली सूनबाई, असे तिघं त्यांच्या टेबलासमोर उभे राहिलो.

"पास," साहेब म्हणाले. "पहिल्या लाइनपेक्षाही स्वच्छ. अभिनंदन. ते पत्र मी मागे घेतो. फक्त अहवालात एक रकाना भरायचाय: थर का निघत नव्हता?" त्यांनी तापमानाच्या नोंदींचा कागद पाहिला. "इथे नोंद आहे की पहिलंच पाणी नव्वदवर सोडलं जात होतं. वाफेचं चाक कोणाकडे असतं?"

लांब्याने मान खाली घातली. हा माणूस मला काही बोलणार नव्हता, साहेबांनाही नाही. त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

मला ते क्रेट दिसले. निळे, एकावर एक, भिंतीपर्यंत. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही, ती जमिनीकडे बघत होती, आणि ते मला बघण्यापेक्षा जड गेलं.

"चाक याच्याकडे असतं," मी म्हणाले. "तोंड माझ्याकडे असतं. नव्वद मी सांगितलं होतं. याने विचारलं होतं, मी गप्प बसवलं. चूक माझी आहे, तसं लिहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते चष्मा पुसत होते. बावीस वर्षांत मी त्या खोलीत कबूल केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "बाहेरची कंपनी आणली असती तर त्यांनी मला असं सांगितलं असतं का?"

"ते पाइपचा दोष म्हणाले असते. नाचता येईना अंगण वाकडं."

साहेब हसले. मला वाटतं मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दात चांगले आहेत. त्यांनी रकाना भरला, माझं नाव लिहिलं, आणि क्रेटचा विषय काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वाफेच्या चाकाला साखळी आणि कुलूप लागलं. साठच्या पुढे न्यायचं असेल तर कुलूप उघडावं लागतं.

किल्ली दोघांत मिळून एक, असा साहेबांचा हुकूम होता, आणि ती कुणी ठेवायची हे मी ठरवायचं होतं. मी ती लांब्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आणि तुम्ही नव्वद म्हणालात तर?"

"तर नाही म्हण."

"तुम्हाला?"

"सराव कर," मी म्हणाले. "आत्ता म्हणून बघ."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिसऱ्या प्रयत्नात अगदी बारीक आवाजात "नाही" आलं. मी त्याच्यावर ओरडले की मोठ्याने म्हण.